आठ लाख एकोणीस हजारांमागे एक

एप्रिल २०२० मध्ये सगळा देश कडीकुलपात असताना इंडियन सायकिॲट्रिक सोसायटीच्या डॉक्टरांनी लोकांच्या मनाची विचारपूस करायची ठरवली. घरोघर जाणं शक्यच नव्हतं, म्हणून प्रश्नावली मोबाइलवरून फिरवली. हिशेबात धरता येतील अशी १,६८५ उत्तरं हाती आली. त्यांतल्या ४०.५ टक्के लोकांना चिंता किंवा नैराश्य यांपैकी काही ना काही होतं, आणि जवळजवळ तीन चतुर्थांश लोक मध्यम स्वरूपाच्या ताणाखाली होते. एरवी रुक्ष वाटणारा हा आकडा त्या महिन्यात चांगलाच गाजला. ‘देशात दर पाचांतले दोघं खचले’ असं म्हणायची सोय झाली.

आता १३८ कोटींना १,६८५ ने भागा. उत्तर येतं साधारण ८ लाख १९ हजार. म्हणजे एवढ्या माणसांमागे एकाने आपल्या मनाची खबर दिली. २०११ च्या जनगणनेत तंजावर जिल्ह्याची लोकसंख्या २४ लाख ५ हजार ८९० होती. या प्रमाणात अख्ख्या जिल्ह्याच्या वाट्याला तीन माणसं येतात. कुंभकोणम शहराची वस्ती १ लाख ४० हजार १५६, म्हणजे त्याच्या वाट्याला एका माणसाचा सहावा हिस्सा. कुंभकोणमहून तंजावरकडे जाणाऱ्या गाडीत बसलं की दारासुरम, मग स्वामिमलै, आणि त्यापुढे भातखाचरांच्या पट्ट्यात सुंदरपेरुमाळ कोयिल नावाचं छोटं स्टेशन लागतं. देवळावरूनच गावाला नाव पडलेलं. या गावाच्या वाट्याला किती आलं हे काढायला दशांशचिन्हानंतर शून्यं लिहावी लागतात.

सर्वेक्षण करणाऱ्यांना नावं ठेवण्याचा हेतू नाही. नमुना लहान असणं हा मुळात दोष नव्हेच. नीट निवडलेल्या दीड हजार माणसांवरूनही देशाचा बरा अंदाज बांधता येतो. पण इथे माणसं निवडलेली नव्हती, ती आपणहून आली होती. ज्याच्याकडे स्मार्टफोन, ज्याला प्रश्नावली पुढे पाठवणारं कुणी ओळखीचं, आणि ज्याला अशा दिवसांतही प्रश्नांची उत्तरं द्यायचा धीर, तो मोजला गेला. कावेरीच्या खोऱ्यात भाताच्या रोपणीला जाणारी बाई त्यात येण्याची शक्यता जवळजवळ नव्हती.

साथीच्या काळातल्या मनाचे आकडे वाचताना ही अडचण पावलोपावली येते. आकडे अवाढव्य आहेत, डोळे पांढरे करणारे आहेत. पण ते कुणाला मोजून आले आहेत हे विचारलं की बहुतेक वेळा आपण त्यात नसतोच.

सगळ्यात मोठा आकडा घेऊ. ऑक्टोबर २०२१ मध्ये ‘द लॅन्सेट’ने एक अभ्यास छापला. कोविड नसता तर २०२० साली जगात तीव्र नैराश्याचे १९.३ कोटी रुग्ण असते, प्रत्यक्षात २४.६ कोटी झाले. चिंतेच्या विकारांचे २९.८ कोटी असते, ते ३७.४ कोटी झाले. एका वर्षात नैराश्याचे ५ कोटी ३२ लाख जादा, चिंतेचे ७ कोटी ६२ लाख जादा. २०११ च्या जनगणनेतली तमिळनाडूची लोकसंख्या ७ कोटी २१ लाख होती, म्हणजे चिंतेची नवी भर एकट्या तमिळनाडूहून मोठी. दोन्ही भरींची बेरीज करायचा मोह होतो, कारण ती महाराष्ट्राच्या ११ कोटी २४ लाखांच्याही वर जाते. ती करू नये. एकाच माणसाला दोन्ही विकार असू शकतात, आणि असतातही. बायकांच्या वाट्याला ही भर पुरुषांच्या दुप्पट आली: नैराश्यात ३ कोटी ५५ लाख विरुद्ध १ कोटी ७७ लाख. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२२ मध्ये याच दिशेचा अंदाज ‘२५ टक्के वाढ’ अशा सुटसुटीत शब्दांत मांडला, आणि तो जगभर पाठ झाला.

पण त्या अभ्यासाच्या पोटात शिरलं की वेगळंच दिसतं. निकषांत बसणारी माहितीची ४८ साधनं संशोधकांना मिळाली. त्यांतली बहुतेक पश्चिम युरोप आणि उत्तर अमेरिकेतली, थोडी ऑस्ट्रेलिया, जपान, कोरियाकडची. दक्षिण आशियातलं एकही नाही. मग भारताचा आकडा आला कुठून? संशोधकांनी दोन गोष्टी पाहिल्या: कुठे किती जणांना लागण झाली, आणि कुठे माणसांची हालचाल किती घटली. ज्या देशांत मनं मोजली होती तिथे या दोहोंचा नैराश्याशी काय संबंध दिसला ते काढलं आणि तोच संबंध बाकीच्या जगाला लावला. शास्त्राच्या दृष्टीने यात गैर काही नाही. माहिती नसताना अंदाज असाच बांधतात आणि त्यांनी तो लपवलाही नाही. तरी थोडं थांबून पाहावं. कुंभकोणमच्या माणसाचं मन किती खचलं हे ठरलं युरोपातल्या मनांवरून आणि आपल्याकडचे लोक घराबाहेर किती पडले यावरून.

हालचाल मात्र खरोखरच थांबली होती. २४ मार्च २०२० च्या रात्री आठ वाजता पंतप्रधान बोलले आणि बारा वाजता टाळेबंदी लागली. मध्ये चार तास. ती चार वेळा मिळून ३१ मेपर्यंत चालली, एकूण ६८ दिवस. १३८ कोटी माणसं गुणिले ६८ दिवस म्हणजे ९,३८४ कोटी दिवस. त्यांची वर्षं केली तर २५ कोटी ७० लाख भरतात. २५ कोटी ७० लाख वर्षं मागे गेलं तर पृथ्वीवर अजून डायनोसॉरही आलेले नसतात. एवढा काळ आपण सर्वांनी मिळून सव्वादोन महिन्यांत घरात बसून काढला. अर्थात ‘घरात’ हा शब्द सगळ्यांना सारखा लागू नव्हता. कुणाचं घर चार खोल्यांचं, कुणाचं धारावीतलं दहा बाय दहाचं, आणि कुणाचं हजार किलोमीटर लांब.

इथे मला या सगळ्या चर्चेबद्दलची माझी तक्रार मांडायची आहे. पंचवीस टक्के वाढ, पाच कोटी जादा, हे सगळं ‘वाढी’चं बोलणं आहे. वाढ कशावर झाली, ते कुणी विचारत नाही.

बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. बारा राज्यांत ३४,८०२ प्रौढांच्या मुलाखती घेतल्या, त्याही समोर बसून. तमिळनाडू त्या बारांत होतं, महाराष्ट्र नव्हता. (आपल्याकडच्या मनाच्या प्रत्येक चर्चेत हे आकडे तावातावाने फेकले जातात, म्हणून सांगितलं.) त्या घडीला १०.६ टक्के प्रौढांना उपचारांची गरज असलेला काही ना काही मानसिक विकार होता. देशभराचा हिशेब लावल्यावर सुमारे १५ कोटी माणसं भरली. आणि त्यांतल्या निरनिराळ्या विकारांच्या ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोचलेलेच नव्हते. घरात एक रुग्ण असला की औषधं आणि प्रवास धरून महिन्याला हजार-दीड हजार रुपये खिशातून जात. ही सगळी २०१६ ची गोष्ट. कोविड नावाचा शब्दही तेव्हा जन्मला नव्हता.

आता कुंभकोणमला या. १ लाख ४० हजारांत प्रौढ साधारण लाखभर धरू. देशाची सरासरी लावली तर दहा हजारांच्या वर माणसं विकारांशी झगडणारी, आणि त्यांतली किमान सात हजार, बहुधा आठ हजारांच्या वर, उपचारांविना. साथीने त्यात पंचवीस टक्क्यांची भर घातली असं मानलं (खरं तर ही वाढ दोनच विकारांची आहे, तरी सढळ हाताने सगळ्यांना लावू) तर नवे अडीच हजार. बातमी झाली त्या अडीच हजारांची. आधीचे आठ हजार कुठे होते?

आणि समजा, सगळ्यांना एकाएकी डॉक्टरांकडे जायची बुद्धी झाली असती तर? साथीच्या आधी देशात मनोविकारतज्ज्ञ होते साधारण नऊ हजार, लाखामागे ०.७५. या सरासरीने कुंभकोणमच्या वाट्याला जेमतेम एक डॉक्टर येतो. १५ कोटी माणसांना प्रत्येकी एकदाच, फक्त अर्धा तास द्यायचा म्हटलं तर साडेसात कोटी तास लागतात. नऊ हजार डॉक्टर रोज आठ तास, रविवार नाही, दिवाळी नाही, असे बसले तर दिवसाचे ७२ हजार तास होतात. भागाकार १,०४१ दिवस. टाळेबंदीच्या पहिल्या सकाळी, २५ मार्च २०२० ला सुरुवात केली असती तर शेवटचा रुग्ण जानेवारी २०२३ च्या अखेरीस खोलीतून बाहेर पडला असता, आणि पहिल्याची दुसरी भेट तेव्हा सुरू झाली असती. जागतिक आरोग्य संघटनेने कोविडची आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं ५ मे २०२३ ला.

खाटांचं तर बोलायलाच नको. ठाणे १,८५०, येरवडा २,५४०, नागपूर ९४० आणि रत्नागिरी ३६५, अशा महाराष्ट्राच्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांत मिळून मंजूर खाटा ५,६९५. वीस हजारांमागे एक. बहुतेकांना खाटेची गरज नसते, हे खरं.

मग हे आठ हजार जगत कसे होते? हा प्रश्न मला पंचवीस टक्क्यांपेक्षा मोठा वाटतो, आणि त्याच्या उत्तराचा एक तुकडा सुंदरपेरुमाळ कोयिलवरून जाणाऱ्या त्याच रेल्वेमार्गावर सापडतो.

कुंभकोणमच्या पंचक्रोशीला महाराष्ट्रातले यात्रेकरू नवग्रहांसाठी ओळखतात. सूर्यनार कोयिल, चंद्राचं तिंगळूर, गुरूचं आलंगुडी, शुक्राचं कंजनूर, राहूचं तिरुनागेश्वरम. मंगळ, बुध, शनी आणि केतू थोडे लांब, पण त्याच मुलखात. ज्योतिषात चंद्र मनाचा कारक, म्हणून झोप उडालेली, जीव घाबरा झालेली माणसं तिंगळूरला येतात. कुंभकोणमहून पूर्वेला आठ-नऊ किलोमीटरवर तिरुविडैमरुदूरचं महालिंगस्वामी मंदिर आहे. कथा अशी की वरगुण पांड्य राजाच्या घोड्याखाली नकळत एक ब्राह्मण मेला आणि ब्रह्महत्या राजाच्या पाठीशी लागली. राजा पूर्वेच्या दाराने देवळात शिरला, ती बाहेर थबकली, आणि देवाने त्याला दुसऱ्या दाराने बाहेर काढलं. ती अजून पूर्वेच्या दारात वाट पाहत बसली आहे. म्हणून तिथे आजही माणसं ज्या दाराने आत जातात त्या दाराने बाहेर येत नाहीत. मनावर काही बसलेल्या माणसाला घरचे इथे घेऊन येतात आणि बरोबर येणारेही तो नियम पाळतात. अपराधाचं ओझं खाली ठेवून पुढे चालायला लावणारी याहून नेमकी कृती एखाद्या समुपदेशकाला तरी सुचेल का, मला शंका आहे.

तिरुचिरापल्लीच्या पुढे गुणशीलमचं देऊळ आहे. तिथे मनोरुग्ण घरच्यांसह ४८ दिवस, एक मंडळ, राहतात. दुपारच्या आणि रात्रीच्या पूजेनंतर पुजारी त्यांच्या तोंडावर तीर्थाचे सपकारे मारतात. रोज ठरलेल्या वेळी उठणं, ठरलेल्या वेळी जेवणं, आपल्यासारखीच माणसं आजूबाजूला, आणि घरचं माणूस सोबत. याला उपचार म्हणायचं की नाही यावर भांडता येईल. निम्हान्सच्या आर. रघुराम यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तमिळनाडूतल्याच दुसऱ्या एका देवळात हे मोजून पाहिलं. तिथे मुक्कामाला आलेले गंभीर विकारांचे ३१ रुग्ण, सरासरी सहा आठवड्यांचा मुक्काम, औषध काही नाही. लक्षणांची तीव्रता जवळजवळ १९ टक्क्यांनी उतरली होती. हा अभ्यास २००२ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला, आणि काही नव्या औषधांचा गुणही याच पट्टीत बसतो, असं लेखकांनी त्यात नोंदवलं.

याच्या आदल्याच वर्षी, ६ ऑगस्ट २००१ ला, रामनाथपुरम जिल्ह्यातल्या एरवाडीला दर्ग्याच्या आसऱ्याने चालणाऱ्या एका आश्रमात आग लागली. आतले रुग्ण साखळदंडांनी बांधलेले होते. २८ जण गेले. श्रद्धेच्या छायेतला उपचार किती खालच्या थराला जाऊ शकतो याचा हा आकडाही त्या १९ टक्क्यांच्या शेजारीच लिहून ठेवावा लागतो. देवळांची भलावण करायला मी निघालेलो नाही. मुद्दा एवढाच की दवाखान्यात न पोचलेली माणसं कुठे ना कुठे पोचत होती. आणि मार्च २०२० मध्ये ती जागाही बंद झाली.

तमिळनाडूतली मोठी देवळं उघडली १ सप्टेंबर २०२० ला; पाच महिन्यांहून जास्त काळ दारं बंद. महाराष्ट्रात त्याहून लांबलं, १६ नोव्हेंबरच्या पाडव्यापर्यंत. आषाढीला माउलींच्या पादुका एसटीतून पंढरपूरला गेल्या. एरवी लाखो माणसं ज्यासाठी तीन आठवडे चालतात, ते एका गाडीत बसलेल्या मोजक्या माणसांनी उरकलं. वारीला मानसिक आरोग्यसेवा म्हणायची पद्धत नाही, म्हणून तिच्या बंद होण्याची नोंद कुठल्याच अहवालात नाही. तशीच नोंद नाही भजनी मंडळाची, आठवडी बाजाराची, पारावरच्या गप्पांची, विरार लोकलमधल्या रोजच्या चौथ्या सीटची. रेल्वे दिवसाला साधारण दोन कोटी तीस लाख माणसं वाहून नेत होती. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली, तेव्हापासून १६७ वर्षांत सगळ्या देशाच्या प्रवासी गाड्या एकदम थांबल्या त्या २०२० च्या मार्चमध्येच. माणूस आजारी पडला तर त्याची गणती होते. तो रोज ज्याच्याशी चार शब्द बोलायचा तो माणूस भेटेनासा झाला, याची होत नाही. माझ्या मते ‘वाढ’ म्हणतात ती बऱ्याच अंशी हीच: आजार नवा नव्हता, त्याला धरून ठेवणारे हात सुटले.

(कुणाला वाटेल, मराठी वाचकाने तंजावरच्या मुलखात का शिरावं. एकोजीराजे भोसले यांच्या घराण्याने १६७६ पासून १८५५ पर्यंत तिथे राज्य केलं. आजही तिथल्या कित्येक घरांत दक्षिणी मराठी बोलली जाते. सरफोजीराजांनी औषधोपचारांसाठी धन्वंतरी महाल काढला आणि वाटसरूंच्या छत्रांना राजाश्रय दिला. तेव्हा परक्याच्या घरात डोकावतोय असं मानायचं कारण नाही.)

हात सुटले तसा पैसाही सुटला. स्वामिमलैचे स्थपती पंचधातूच्या मूर्ती ओतण्यासाठी प्रसिद्ध आहेत. मेण आणि राळ यांचा आधी पुतळा करायचा, त्यावर कावेरीच्या गाळाच्या बारीक मातीचे थर एकावर एक द्यायचे, सावलीत वाळवायचे, मग तापवून मेण काढून टाकायचं आणि त्या पोकळीत वितळलेला धातू सोडायचा. साचा एकदाच वापरता येतो. मूर्ती काढायला तो फोडावाच लागतो. या धंद्याचं गिऱ्हाईक म्हणजे देवळं, प्रवासी आणि परदेश. तिन्ही एका रात्रीत बंद. तिरुभुवनमच्या रेशीम विणकरांचं तेच, कारण लग्नं नाहीत तर साडी कोण घेणार? सीएमआयई या संस्थेच्या हिशेबाने एकट्या एप्रिल २०२० मध्ये देशात १२ कोटी २० लाख लोकांचं काम गेलं. दिवसाला चाळीस लाख. मनाच्या तक्रारी घेऊन येणाऱ्यांत गोळीपेक्षा पगाराने बरे झाले असते असे किती, हे कुणी मोजलं नाही.

१ मेपासून श्रमिक गाड्या सुटल्या. ऑगस्टअखेर ४,६२१ गाड्यांमधून ६३ लाखांच्या वर माणसं घरी गेली. त्याआधी आणि त्या काळातही कित्येक जण चालत निघाले. ८ मेच्या पहाटे जालन्याहून भुसावळकडे पायी निघालेले १६ मजूर करमाडजवळ रुळांवर झोपले आणि मालगाडीखाली गेले. रुळांवर गाड्या नाहीत ही त्यांची खात्री होती.

तमिळनाडूत दारूची सरकारी दुकानं २४ मार्चला बंद झाली आणि ७ मेला, चेन्नई सोडून, उघडली. एका दिवसात विक्री सुमारे १७० कोटी रुपयांची. लोकांनी त्यावर विनोद केले. ज्याला दारू सुटल्यावर हातपाय कापतात, झटके येतात, भास होतात, त्याने ते सहा आठवडे कसे काढले असतील, हा त्या १७० कोटींमागचा खरा मजकूर आहे. शेजारच्या केरळात मार्चच्या अखेरीला सरकारने अशा माणसांना डॉक्टरच्या चिठ्ठीवर दारू द्यायचं ठरवलं, डॉक्टर बिथरले आणि उच्च न्यायालयाने ते चार दिवसांत थांबवलं.

आता सगळ्यात जड आकडा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाप्रमाणे देशात २०१९ मध्ये १,३९,१२३ आत्महत्या झाल्या, २०२० मध्ये १,५३,०५२, २०२१ मध्ये १,६४,०३३ आणि २०२२ मध्ये १,७०,९२४. दिवसाला ३८१ वरून ४६८. तिन्ही साथवर्षांत महाराष्ट्र पहिला, तमिळनाडू दुसरा. २०२० मध्ये गेलेल्यांत ३७,६६६ रोजंदारीवरचे मजूर होते आणि २२,३७४ गृहिणी. एप्रिल २०२१ मध्ये एका आंतरराष्ट्रीय अभ्यासाने २१ देशांची आकडेवारी तपासली आणि साथीच्या पहिल्या महिन्यांत आत्महत्या कुठेही अपेक्षेपेक्षा ठळक वाढल्या नाहीत असा दिलासा दिला. ते २१ देश सगळे श्रीमंत किंवा बऱ्यापैकी सुस्थितीतले. भारत त्यात नव्हता. पुन्हा तेच.

जागतिक आरोग्य संघटना म्हणते की एका मृत्यूमागे वीसाहून अधिक प्रयत्न असू शकतात. २०२० च्या आकड्याला वीसने गुणलं तर तीस लाखांच्या वर माणसं त्या काठावर जाऊन मागे फिरली. कुंभकोणमचाच एक मुलगा अशा मागे फिरलेल्यांतला होता. सारंगपाणी सन्निधी रस्त्यावरच्या घरात वाढलेले श्रीनिवास रामानुजन १९१४ मध्ये इंग्लंडला गेले. महायुद्ध, न पोचणारी पत्रं, न मिळणारं शाकाहारी जेवण, आजार आणि एकटेपण. १९१८ च्या सुरुवातीला लंडनमध्ये त्यांनी जीव द्यायचा प्रयत्न केला. तिथे तेव्हा तो गुन्हा होता, जी. एच. हार्डी पोलिसांत मध्ये पडले म्हणून निभावलं. काही महिन्यांत, मे १९१८ मध्ये, ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. भारतात अशा माणसाला गुन्हेगार न मानता तो तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरावं, हे सांगणारा मानसिक आरोग्यसेवा कायदा मे २०१८ मध्ये लागू झाला. मध्ये शंभर वर्षं गेली.

शोकाचा हिशेब थोडक्यात. अमेरिकेतल्या एका अभ्यासाने काढलं की कोविडच्या एका मृत्यूमागे जवळचे नातेवाईक म्हणावेत असे नऊ जण मागे राहतात. २०२१ अखेर भारताचे अधिकृत मृत्यू ४ लाख ८१ हजार. म्हणजे ४३ लाख शोकाकुल. जागतिक आरोग्य संघटनेचा त्याच दोन वर्षांचा जादा मृत्यूंचा अंदाज ४७ लाखांचा. तो भारत सरकारला मान्य नाही. तो धरला तर सव्वाचार कोटी. आणि अंत्ययात्रेला परवानगी वीस जणांची.

मग उपाय काय, असं विचारणाऱ्यांना एक जवळचा दाखला आहे. गोव्यात ‘संगत’ संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत बऱ्यापैकी तीव्र नैराश्याच्या सुमारे ५०० प्रौढांवर चाचणी घेतली. अर्ध्यांना नेहमीचे उपचार, अर्ध्यांना त्याशिवाय सहा ते आठ बैठका. त्या घेणारे लोक डॉक्टर नव्हते, मानसशास्त्रज्ञही नव्हते. गावातलीच माणसं, थोडं प्रशिक्षण घेतलेली. काय करायचं, तर बोलायचं, आणि ज्या गोष्टी माणसाने सोडून दिल्या त्या हळूहळू पुन्हा करायला लावायच्या. तीन महिन्यांनी पहिल्या गटात ३९ टक्के बरे, दुसऱ्यात ६४ टक्के. हे ‘लॅन्सेट’ने छापलं ते २०१७ साली, साथीच्या तीन वर्षं आधी.

या रीतीने मघाचा भागाकार पुन्हा करू. १५ कोटींना प्रत्येकी सात बैठका नऊ हजार तज्ज्ञांनीच द्यायच्या, दिवसाला सोळा, तर वीस वर्षं लागतात. देशात आशा कार्यकर्त्या दहा लाखांच्या आसपास आहेत. प्रत्येकीकडे दीडशे माणसं दिली आणि तिने दिवसाला दोनच बैठका घेतल्या तर दीड वर्षात काम उरकतं. कागदावर इतका देखणा हिशेब क्वचित जमतो. पण साथीत याच बायकांना घरोघर फिरून ताप मोजण्याचे महिन्याला जादा हजार रुपये मिळत होते, म्हणजे दिवसाला तेहतीस. १५ जून २०२१ पासून महाराष्ट्रातल्या सत्तरएक हजार आशा संपावर गेल्या. पुढल्या वर्षी मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांना पुरस्कार दिला. आता मनं सांभाळायचं कामही त्यांच्याच गळ्यात घालायचं असेल तर दीड वर्षाच्या आधी पगाराचा आकडा ठरवावा लागेल.

तोवर दूरध्वनी आहे. कुंभकोणमहून फार लांब नसलेल्या पुदुक्कोट्टै जिल्ह्यात चेन्नईच्या ‘स्कार्फ’ संस्थेने साथीच्या दहा वर्षं आधीच एक बस गावोगाव फिरवायला सुरुवात केली होती. बसमध्ये पडदा, पडद्यावर चेन्नईचा डॉक्टर, बाहेर खिडकीशी औषधं. सरकारची ‘टेलि-मानस’ ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. नंबर १४४१६, फोन फुकट, चोवीस तास, मराठी आणि तमिळ धरून वीसेक भाषांत. पहिल्या दोन वर्षांत तिथे १४ लाखांहून जास्त फोन आले, दिवसाला साधारण १,९००. प्रत्येक फोन वेगळ्या माणसाचा मानला तरी १५ कोटींतल्या शंभरांमागे एकाचा.